समुद्राचा सामू

२००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या व्हिस्की क्रीक हॅचरीत कालवांची पिल्लं मरायला लागली. टाक्यांमध्ये कोट्यवधी अळ्या, एकेक जेमतेम धुळीच्या कणाएवढी. अळ्या खाणं सोडायच्या, वाढ खुंटायची आणि सगळी पैदास टाकीच्या तळाशी जाऊन बसायची. टाकी रिकामी करायची, धुऊन काढायची, नवी अंडी फलित करायची, की पुन्हा तेच.

हॅचरी तशी घरगुती. नेटार्ट्‌स नावाच्या लहानशा उपसागराच्या काठावर स्यू कड आणि मार्क वीगार्ट हे जोडपं ती चालवत होतं. पण तिच्यावर विसंबून असणाऱ्यांची यादी मोठी होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आज जे कालव पिकवलं जातं ते मूळचं तिथलं नाही. तिथलं देशी ऑलिंपिया कालव बेसुमार उपशाने संपत आलं, तेव्हा जपानहून पॅसिफिक कालव आणलं गेलं. ते तिथे वाढतं छान, पण थंड पाण्यात त्याची वीण भरवशाची नसते. विलापा उपसागरासारख्या मोजक्या ठिकाणीच निसर्गतः बीज पडतं, आणि तिथेही २००५ पासून ते पडेनासं झालं होतं. त्यामुळे कालवांची शेती करणारी माणसं बीज विकत घेतात. हॅचरीतून निघणारा माल म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला मुठीएवढा गोळा. त्यात लक्षावधी अळ्या असतात. असे गोळे निघायचे थांबले तर दोन-तीन वर्षांनी विकायला कालवंच नसतात.

पहिला संशय गेला तो जिवाणूंवर. विब्रिओ ट्युबिआशी हा अळ्यांचा जुना वैरी हॅचरीवाल्यांच्या ओळखीचा होता. पाणी गाळून निर्जंतुक करणारी महागडी यंत्रणा बसवली गेली. जिवाणू आटोक्यात आले. अळ्यांचं मरण काही थांबलं नाही. २००८ पर्यंत उत्पादन ७० ते ८० टक्क्यांनी घसरलं होतं.

गुन्हेगार पाण्यातच होता. पण पाण्यात नेमकं काय मोजायचं, हे तोवर हॅचरीत कुणाला ठाऊक नव्हतं.

०००

त्याच २००७ च्या मे-जूनमध्ये ‘वेकोमा’ नावाचं संशोधन जहाज कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतचा किनारा धुंडाळत निघालं होतं. मोहिमेचे प्रमुख होते रिचर्ड फीली. सिएटलमधल्या नोआ या सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत ते समुद्रातल्या कार्बनचा अभ्यास करत. किनाऱ्याला काटकोनात तेरा रेषा आखायच्या, प्रत्येक रेषेवर थांबत थांबत वेगवेगळ्या खोलीचं पाणी वर काढायचं आणि तपासायचं, असा बेत होता. जे सापडलं त्याने मोहिमेतले जाणकारही चक्रावले. कवच विरघळवू शकेल असं पाणी खोल समुद्रात असतं, हे माहीत होतं. ते किनाऱ्यालगतच्या उथळ उतारावर चढून आलेलं होतं. उत्तर कॅलिफोर्नियाजवळ तर थेट पृष्ठभागापर्यंत. अशी वेळ यायला अजून काही दशकं आहेत, असा तोवरचा अंदाज होता. निबंध २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

हे पाणी वर येतं ते वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर वायव्येकडून वारा सुटतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खालचं थंड, खारट पाणी वर चढतं. याला अपवेलिंग म्हणतात. खालच्या पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर असतात, म्हणून अपवेलिंगचे किनारे मासळीने समृद्ध. पण त्याच पाण्यात कार्बन डायऑक्साइडही भरपूर असतो. वरून पडणारं मेलेलं, कुजकं सगळं खाली जिवाणू फस्त करत असतात. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

हे निसर्गाचं जुनं चक्र झालं. नवी भर माणसाची. ओरेगॉनला वर आलेलं पाणी शेवटचं हवेच्या संपर्कात होतं ते सुमारे पन्नास वर्षांपूर्वी. तेव्हाच्या हवेतून उचललेला जादा कार्बन डायऑक्साइड ते सोबत घेऊन आलं होतं. ही भर नसती तर कवच विरघळवणाऱ्या पाण्याची वरची सीमा आहे त्याहून साधारण ५० मीटर खाली राहिली असती, असा फीली आणि सहकाऱ्यांचा हिशेब. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. आज जे पाणी हवेतला वायू पिऊन खाली जातंय, ते याच किनाऱ्यावर काही दशकांनी वर येणार आहे. त्याच्या पोटात काय असेल हे आजच ठरलेलं आहे.

त्या निबंधाच्या पाच लेखकांपैकी एक, बर्क हेल्स, ओरेगॉन स्टेट विद्यापीठातच होते. हॅचरीतले ॲलन बार्टन आणि हेल्स यांची गाठ पडली आणि टाक्यांत येणाऱ्या पाण्याचं रसायन पहिल्यांदा नीट मोजलं गेलं. वारा जोरात असला की उपसागरात थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी शिरायचं. नेमकं तेच पंपाने टाक्यांत भरलं गेलं की ती पैदास हातची गेली.

०००

यातलं रसायन शाळेतल्या पुस्तकापलीकडचं नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. त्यातून सुटे झालेले हायड्रोजनचे आयन पाण्यातल्या कार्बोनेटला गाठतात आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. शिंपल्याला कवच बांधायला लागतं ते कार्बोनेट. म्हणजे वायू वाढला की दुहेरी फटका: आम्लता वाढते आणि बांधकामाचा माल कमी पडतो.

आम्लता मोजतात ती सामूने, म्हणजे पीएचने. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी वाचतो तोच हा सामू. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी बसवली. ती सरळ चालत नाही, दसपटीने चालते. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या थराचा सरासरी सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक वाटतो किरकोळ, पण ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजनच्या आयनांत सुमारे २६ टक्क्यांची वाढ. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे आणि राहील. आम्लीकरण हा शब्द दिशा सांगतो. माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. तो शोषत नसता तर हवा आणखी तापली असती. हवेवरचा भार हलका झाला, त्याची किंमत पाण्याने मोजली.

कालवाच्या अळीच्या बाबतीत सगळा खेळ पहिल्या ४८ तासांचा असतो. अंडं फलित झालं की दोन दिवसांत अळी आपलं पहिलं कवच बांधते. तेवढ्या अवधीत तिच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा होतो. तिला अजून खाता येत नसतं. अंड्यातल्या शिदोरीवरच हे बांधकाम उरकायचं असतं. पाण्यात कार्बोनेट पुरेसं असेल तर काम भागतं. कमी असेल तर तेच कवच बांधायला जास्त शक्ती लागते, शिदोरी आधी संपते आणि अळी उपाशी पडते. ओरेगॉन स्टेटच्या जॉर्ज वॉल्डबुसर आणि सहकाऱ्यांनी हे उलगडून दाखवलं. म्हणूनच हॅचरीत अळ्या लगेच मरत नव्हत्या. पहिल्या दोन दिवसांत बसलेला मार पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसायचा, आणि तोवर टाकीतलं पाणी बदललेलं असायचं. पुरावा वाहून गेलेला असायचा.

बार्टन, हेल्स, फीली आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेटार्ट्‌सच्या पाण्याचा सामू ७.६ ते ८.२ इतका हेलकावत होता, आणि अळ्यांचं पुढचं उत्पादन जुळत होतं ते त्या पहिल्या ४८ तासांतल्या पाण्याशी.

दुखणं कळल्यावर औषध स्वस्तातलं निघालं. उपसागरात समुद्रगवत उगवतं. दिवसभर ऊन खाऊन ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं. म्हणून पहाटेचं पाणी सगळ्यांत वाईट आणि दुपारचं सगळ्यांत चांगलं. हॅचरीने टाक्या दुपारी भरायला सुरुवात केली. शिवाय येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपल्याकडचा धुण्याचा सोडा, मापाने सोडला जाऊ लागला. किती सोडायचा हे ठरवायला सतत मोजणारं यंत्र हवं. ते हेल्स यांनी जुळवलं: वाहत्या पाण्यातला वायू आणि एकूण कार्बन दोन्ही क्षणोक्षणी सांगणारं. त्यांच्या नावावरून लोक त्याला ‘बर्कोलेटर’ म्हणू लागले. पुढे वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया आणि अलास्कातल्या शिंपलेवाल्यांकडेही अशी यंत्रं पोचली. उत्पादन सावरलं. विलापातल्या एका शिंपले-उत्पादक कुटुंबाने मात्र आपली हॅचरीच हवाई बेटांवर हलवली. अळ्या तिथे वाढतात आणि विमानाने वॉशिंग्टनला येतात.

०००

समुद्राच्या पाण्यातला कार्बन मोजायचा म्हणजे चार गोष्टींपैकी निदान दोन मोजायच्या: सामू, विरघळलेल्या वायूचा दाब, एकूण अकार्बनी कार्बन आणि एकूण अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद. कुठल्याही दोन हाती आल्या की बाकीच्या गणिताने निघतात. सोपी वाटते ती पहिली, पण फसवते तीच. प्रयोगशाळेतला साधा काचेचा इलेक्ट्रोड गोड्या पाण्याच्या प्रमाण द्रावणांवर जुळवलेला असतो. खाऱ्या पाण्यात गेला की त्याचा आकडा सरकतो. कारखान्याचं सांडपाणी ओळखायला तो पुरतो. दशकात दोन शतांशांनी होणारा बदल पकडायला पुरत नाही.

म्हणून जहाजावर रंगाची पद्धत वापरतात. पाण्यात मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचा रंग थेंबभर टाकतात. सामूनुसार तो पिवळ्या आणि जांभळ्यामधली छटा धरतो. ती डोळ्याने जोखायची नसते. ४३४ आणि ५७८ नॅनोमीटर या दोन तरंगलांबींना प्रकाश किती अडतो ते मोजायचं आणि त्यांच्या गुणोत्तरावरून सामू काढायचा.

एकूण कार्बनसाठी नुसती बाटली भरायची तरी शिस्त लागते. रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत घालतात आणि पाणी संथ सोडतात. बुडबुडा होता कामा नये, कारण बुडबुड्यातून वायू निसटतो किंवा आत शिरतो. बाटली भरून वाहू देतात. आधीचं पाणी पुरतं बदललं गेलं पाहिजे. मग वरचं थोडं पाणी काढून मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाचे थेंब सोडतात. हे जहाल विष आहे आणि त्याचं काम एकच, बाटलीतला प्रत्येक सूक्ष्मजीव मारणं. तो जगला तर श्वास घेत राहील आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बनचा आकडा बदललेला असेल. शेवटी काचेच्या बुचाला ग्रीस लावून ते फिरवून बसवायचं आणि वरून आवळून टाकायचं. यातलं एक पाऊल चुकलं तरी आकडा येतोच. फक्त तो खोटा असतो, आणि खोटा आहे हे कळतही नाही.

ते कळावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांनी अनेक वर्षं बाटलीबंद समुद्र तयार करून जगाला पुरवला. गाळलेलं, निर्जंतुक केलेलं समुद्राचं पाणी, ज्याचा कार्बन आणि अल्कता काटेकोर मोजून बाटलीवर नोंदलेली. आपलं यंत्र त्या पाण्याचं तेवढंच माप देतं का, हे आधी पाहायचं आणि मगच स्वतःच्या पाण्याला हात घालायचा. ही संस्था तीच, जिच्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे. बर्म्युडाजवळच्या समुद्रातल्या कार्बनची नोंदही कीलिंग यांनीच १९८३ मध्ये सुरू केली. अशा दीर्घ नोंदींवरूनच आज ठामपणे सांगता येतं की खुल्या समुद्राचा सामू दर दशकाला ०.०१७ ते ०.०२७ ने उतरतो आहे.

जहाज मात्र रोज जात नाही. रोजचं काम बोया करतो. नोआच्या बोयांवरचं यंत्र दर तीन तासांनी समुद्रातल्या आणि वरच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं माप घेतं, बरोबर ठेवलेल्या ज्ञात वायूवर स्वतःला पारखतं आणि आकडे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर धाडतं. आम्लीकरण मोजणारा असा पहिला बोया जून २००७ मध्ये अलास्काच्या आखातात उतरवला गेला.

यंत्रं महाग, ही जुनी अडचण. त्यावर तोडगा निघावा म्हणून २० लाख डॉलर बक्षिसांची एक जागतिक स्पर्धा झाली. २०१५ मध्ये अचूकता आणि स्वस्ताई या दोन्ही गटांतलं पहिलं बक्षीस नेलं मिसुला गावच्या सनबर्स्ट सेन्सर्स या छोट्या कंपनीने. मिसुला आहे मोंटाना राज्यात, डोंगरांत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. पुढे याच धर्तीची उपकरणं पेटीत भरून मॉरिशस, मोझांबिकसारख्या देशांतल्या शास्त्रज्ञांना प्रशिक्षणासह दिली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही १४.३ या क्रमांकाखाली समुद्राची आम्लता आहे, आणि ती मोजून कळवणं सदस्य देशांकडून अपेक्षित आहे.

०००

खुल्या समुद्रात कल शोधणं त्यातल्या त्यात सोपं. किनाऱ्यावर पाणी एका दिवसात जितकं बदलतं तितकं खुल्या समुद्राला बदलायला शतक लागतं. भरती-ओहोटी, ऊन-रात्र, नदीचा पूर, शेतातून वाहून आलेलं खत, शहराचं सांडपाणी, वारा, प्रत्येक गोष्ट सामूला इकडेतिकडे ओढते. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदी खतं आणून ओतते. त्यावर शेवाळ माजतं, मेल्यावर तळाशी कुजतं, आणि तिथलं पाणी हवेतल्या वायूच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक आम्लधर्मी होतं. कांद्याचा भाव सकाळ-संध्याकाळ वर-खाली होतो; त्यातल्या एका दिवसाच्या भावावरून महागाईचा दर काढता येत नाही. किनाऱ्याच्या पाण्याचंही तसंच.

मग किती वर्षं मोजावं? नोआच्या एड्रिएन सटन आणि सहकाऱ्यांनी ४० बोयांच्या नोंदी पिंजून २०१९ मध्ये याचं उत्तर दिलं. माणसाने केलेला बदल नैसर्गिक चढउतारांतून वेगळा ओळखू यायला खुल्या समुद्रात ८ ते १५ वर्षं लागतात. किनाऱ्यावर लागतात १६ ते ४१. म्हणजे ज्या पाण्यावर माणसांची पोटं सगळ्यांत जास्त अवलंबून, तिथेच उत्तराला सगळ्यांत उशीर. तीन वर्षांचा प्रकल्प, दोन प्रबंध आणि मग उपकरण कपाटात, या पद्धतीने ते उत्तर कधीच मिळत नाही.

यावर उपाय म्हणून मोजणाऱ्यांच्या जागतिक जाळ्याने दर्जाच्या दोन पायऱ्या ठरवल्या आहेत. सामू ०.०२ इतक्या नेमकेपणाने मोजला तर तो ‘हवामान’ दर्जाचा: आज पाणी कसं आहे, टाकी भरावी की थांबावं, एवढं त्यावरून ठरवता येतं. ०.००३ इतक्या नेमकेपणाने मोजला तर ‘हवामानबदल’ दर्जाचा: त्यावर दशकांचा कल ताणून पाहता येतो. हॅचरीला पहिला पुरतो, देशाला दुसरा लागतो. दोन्ही एकाच ठिकाणी असले तर पहिल्याने दुसऱ्याचा खर्च लोकांना पटतो.

अमेरिकेत तो असाच पटला. सिनेटर मारिया कँटवेल यांच्या पाठपुराव्याने हॅचऱ्यांमधल्या मोजणीसाठी ५ लाख डॉलर आले. त्याआधी २००९ मध्ये समुद्राच्या आम्लीकरणाच्या संशोधनाचा आणि देखरेखीचा स्वतंत्र संघीय कायदा झाला होता. वॉशिंग्टन राज्यात शिंपल्यांचा धंदा तेव्हा २७ कोटी डॉलरचा आणि ३२०० रोजगारांचा होता. तिथल्या गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगवार यांनी २०१२ मध्ये शास्त्रज्ञ, शिंपलेवाले, आदिवासी प्रतिनिधी आणि अधिकारी एका समितीत बसवले. समितीने ४२ कामांची यादी दिली आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात आम्लीकरणाचं केंद्र उभं राहिलं. हवामानबदल खरा की खोटा यावर त्या देशात राजकीय कुस्ती चालू असताना हे झालं, कारण मेलेल्या अळ्यांची टाकी आणि पाण्याचा आलेख एकाच टेबलावर ठेवता आला.

०००

अपवेलिंग भारताच्या पश्चिम किनाऱ्यालाही आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, जूनपासून, खालचं थंड पाणी शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ उतारावर, चढू लागतं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असा जगातला एक सगळ्यांत जाड थर आहे. वर चढणारं पाणी आधीच दमलेलं असतं. शेल्फवर आल्यावर तळाची कुजणारी घाण उरलासुरला ऑक्सिजन खाते. जिथे ऑक्सिजन संपतो तिथे कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. एकाच श्वसनाच्या या दोन बाजू.

हे सगळं चालतं ते डोळ्याआड. कोकण-गोव्याचा पाऊस आणि नद्यांचं पाणी समुद्रावर पाच-दहा मीटर जाडीचं हलकं, कोमट आवरण पसरतं आणि खालून आलेलं पाणी त्याखाली दबून राहतं. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला त्याचा पत्ता लागत नाही. होडी घेऊन जायचं, बाटली खाली सोडायची आणि पाणी वर काढायचं, याला पर्याय नाही.

गोव्यात हे काम झालेलं आहे, आणि नावाजण्यासारखं. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाच्या टेकडीवर आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी १९९७ पासून कांदोळीच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर, एका ठरावीक जागेचं पाणी पुन्हा पुन्हा तपासलं. खोली तीसेक मीटरच्या आत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाजवळचा ऑक्सिजन पार संपतो आणि हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते, हे या नोंदींतून जगाला कळलं. या शेल्फवर ऑक्सिजनची टंचाई तीव्र होत असल्याचा सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांचा निबंध २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मांडवी-जुवारीच्या खाड्यांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडला. अरबी समुद्र बव्हंशी वायू शोषण्याऐवजी हवेत सोडतो, हेही नव्वदच्या दशकातल्या मोहिमांतून दिसलं होतं. पूर्व किनाऱ्यावर व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९१ आणि २०११ च्या नोंदी ताडून पाहिल्या. बंगालच्या उपसागराच्या वायव्य किनाऱ्यालगत सामू अपेक्षेहून वेगाने घटलेला दिसला, आणि त्यात हवेतून पडणाऱ्या प्रदूषणाचा हात असल्याचं त्यांनी मांडलं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने कोची आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ पाण्याची प्रत मोजणारे बोयेही सोडले आहेत.

म्हणजे विद्या घरचीच आहे. कमी आहे ती खाडीच्या तोंडाशी. रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीत ओहोटीला बायका तिसऱ्या काढतात. खडकावरची कालवं फोडून विकणं हा किनाऱ्यावरच्या कित्येक घरांचा हात-खर्च आहे. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने महिला बचतगटांनी कालवं आणि शिनाणे पाळण्याचे प्रयोग केले. पावसाळ्यात या खाड्यांत नदीचं मऊ पाणी भरतं. त्यात क्षार कमी, म्हणून आम्ल झेलायची ताकदही कमी. इथले शिंपले दरवर्षी हा धक्का सोसत आलेले आहेत, तेव्हा ओरेगॉनचे आकडे जसेच्या तसे त्यांना लावणं चुकीचं ठरेल. एखाद्या वर्षी तिसऱ्या कमी मिळाल्या की त्याचं खापर आम्लीकरणावर फोडणंही घाईचं. गाळ, वाळूचा उपसा, सांडपाणी, अतिउपसा हे संशयित आधीच रांगेत आहेत. व्हिस्की क्रीकमध्ये सगळे जिवाणूंच्या मागे लागले होते, आणि तो संशय खोटा ठरायला पाण्याचा नेमका आकडाच लागला. इथेही कुणाला निर्दोष ठरवायचं झालं तरी तो आकडाच लागेल.

त्यासाठी मोठं जहाज लागत नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि दोना पावला दूर नाही. दोन-तीन खाड्या निवडाव्यात. प्रत्येकीत वर आणि तळाशी सामू, क्षारता, तापमान आणि ऑक्सिजन मोजणारी उपकरणं बसवावीत, महिन्यातून एकदा बाटल्या भरून अल्कता तपासावी आणि सगळे आकडे तिसऱ्या काढणाऱ्या बायकांपासून मत्स्य विभागापर्यंत कुणालाही पाहता येतील असे ठेवावेत. पैसे प्रकल्पाच्या मुदतीपुरते नकोत. पावसाच्या नोंदीला जशी दरवर्षी तरतूद असते तशी हवी. अमेरिकी बोयांचा हिशेब इथे लागू धरला, तर यंदाच्या पावसाळ्याआधी पहिलं उपकरण पाण्यात उतरलं तरी आपल्या किनाऱ्याचा कल स्पष्ट दिसायला किमान सोळा वर्षं जातील.